खाजनावरचा वारा आणि ड्रोनची बॅटरी: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

काम असं आहे. गोव्यात सांत इस्तेवच्या जुव्यावर (बेटावर), आखाड्याच्या बाजूला, मांडवीला लागून असलेल्या एका खाजनाचा, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीचा, बांध आणि आतली शेतं ड्रोनने वरून मोजायची. बांध नदीला धरून साधारण पूर्व-पश्चिम जातो, सव्वा किलोमीटरच्या आसपास. बाहेरून भरतीचं पाणी आणि बार्जच्या लाटा माती खातात, आतून खेकडे बिळं पाडतात. कुठे किती माती गेली ते बांध फुटेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. खारं पाणी आत शिरून तुंबलं की कोरगुटसारखं खार सोसणारं भातही हातचं जातं, आणि पुढची वर्षं जमीन धुऊन काढण्यात जातात. ठरावीक काळाने एकाच पद्धतीने नकाशा केला तर दुरुस्ती कुठे आधी करायची ते शेतकऱ्यांना फोटो दाखवून सांगता येईल.

ड्रोन आम्हीच जोडलेला: चार मोटरी, दहा इंची पंखे, पिक्सहॉक या नियंत्रक बोर्डवर आर्डुपायलट हे उडवणारं सॉफ्टवेअर, कॅमेऱ्यासह वजन १.६ किलो. म्हणजे २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे 'मायक्रो' वर्गात, २५० ग्रॅम ते २ किलोच्या आत. नोंदणी झाली आहे. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा, ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा नकाशा दर वेळी उड्डाणाआधी उघडून बघायचा, उंची ५० मीटर, ड्रोन कायम नजरेसमोर.

बॅटरी चार सेलची, ५२०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे सुमारे ७७ वॅट-तास. त्यातले ८० टक्केच वापरायचे. वारा नसताना एका जागी तरंगत ठेवला तर सुमारे १८५ वॅट लागतात, म्हणजे वीस मिनिटं मिळायला हवीत. प्रत्यक्षात कधी सगळा बांध एका बॅटरीत निघतो, कधी अर्ध्या वाटेवरून परत बोलवावा लागतो. बॅटरी तीच, मार्ग तोच. वारा सोडला तर बदलणारं दुसरं काही दिसत नाही. म्हणून नकाशाच्या आधी हे शोधायचं.

७ जानेवारी

एका जागी तरंगण्याचा हिशेब आधी मांडला, कारण पुढची सगळी तुलना त्याच्याशीच होणार. पंख्यांनी वजनाइतका जोर द्यायचा म्हणजे हवा खाली ढकलायची. १.६ किलोला १५.७ न्यूटन जोर, चार पंख्यांचं मिळून क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर, आपल्याकडच्या उबदार हवेची घनता १.१६ किलो प्रति घनमीटर. त्यावरून पंख्यांतून हवा सेकंदाला ५.८ मीटर वेगाने खाली जाते आणि निव्वळ त्यासाठी ९१ वॅट लागतात. बॅटरीतून १८५ निघतात. उरलेले पंख्याच्या पात्यांचं घर्षण, मोटरी, त्यांचा वेग सांभाळणारे ईएससी आणि कॅमेरा खातात. छोट्या पंख्यांच्या ड्रोनमध्ये निम्मं वाया जाणं यात नवल नाही.

१२ जानेवारी, रविवार

आज वाऱ्यात एका जागी धरून ठेवायचं, दुसरं काही नाही. सकाळी जवळजवळ स्तब्ध हवेत एकदा, मग वारा सुटल्यावर त्याच जागी, त्याच उंचीवर. दोन्ही वेळा बॅटरी ताजी.

मावसभाऊ ड्रोन उडवतो. त्याचा अंदाज होता की वाऱ्याशी झगडायला जास्त करंट लागेल. ड्रोनच्या लॉगमध्ये, म्हणजे उड्डाणाच्या नोंदींत, उलटं दिसलं. मध्यम वाऱ्यात ड्रोन पुढे थोडा झुकून उभा होता आणि सरासरी करंट सकाळपेक्षा कमी होता. फरक थोडा, पण मिशन प्लॅनर या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही आलेख एकावर एक ठेवल्यावर स्पष्ट. त्याने दोनदा विचारलं, "ताई, सेन्सर नीट आहे ना?" म्हणून क्लँप मीटर लावून जमिनीवर ताडून पाहिला. सेन्सर नीट आहे.

कारण हवेतच आहे. स्तब्ध हवेत पंखा स्वतःच खाली ढकललेल्या हवेत उभा असतो. तीच हवा वरून ओढायची आणि जोरात खाली लोटायची. वारा असला की दर सेकंदाला कितीतरी जास्त ताजी हवा पंख्यांवरून जाते. जास्त हवेला थोडासाच धक्का दिला तरी वजन पेललं जातं आणि शक्ती कमी लागते. हेलिकॉप्टरवाल्यांना हे जुनं माहीत आहे: जागेवरून पुढे निघताच यंत्र आपोआप हलकं होतं. ड्रोनच्या दृष्टीने ताशी १८ किलोमीटर वाऱ्यात एका जागी थांबणं आणि स्तब्ध हवेत ताशी १८ किलोमीटरने जाणं ही एकच गोष्ट. त्याला जमीन कळतच नाही. कळते फक्त अंगावरून जाणारी हवा.

कागदावर आमच्या ड्रोनसाठी हवा खाली ढकलायची शक्ती ५ मी./से. वाऱ्यात १७ टक्क्यांनी उतरते, ८ मी./से. ला साधारण ३५ टक्क्यांनी. पण दुसरीकडे अंगाला लागणारा हवेचा अडथळा वाढत जातो, आणि त्याची शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. १० वरून १५ मी./से. झालं की तो भाग जवळजवळ साडेतीनपट. दोन्ही मिळून आलेख वाटीसारखा होतो: डावीकडून उतरतो, ८–९ मी./से. जवळ तळ गाठतो, १३च्या सुमारास पुन्हा तरंगण्याच्या पातळीला येतो आणि पुढे सरळ चढत सुटतो.

सरासरीची गोष्ट एवढी. झटक्यांची वेगळी.

१९ जानेवारी, रविवार

झटक्यांच्या वाऱ्यासाठी मुद्दाम वाईट जागा निवडली: बांधाच्या आतल्या अंगाला, माडांच्या रांगेमागे, वाऱ्याच्या आडोशाला. मोकळ्या नदीवर वारा एकसारखा येतो. माडांवरून आला की फाटतो, गोल फिरत खाली येतो. ड्रोन बघायला स्थिर होता. मोटरींचा आवाज मात्र सतत चढत-उतरत होता.

सेकंदाला दहा नोंदींचा करंट उघडून बघितला. नदीवर रेषा जाड पण सपाट होती, ११–१२ अँपिअरच्या आसपास. माडांमागे तीच रेषा करवतीच्या दात्यांसारखी, ९ वरून १६ वर आणि परत. सरासरी फार वाढलेली नाही, तरी बॅटरीची धोक्याची सूचना लवकर वाजली. सूचना व्होल्टेजवर लावलेली आहे, आणि करंट उसळला की बॅटरीच्या आतल्या रोधामुळे व्होल्टेज खाली बसतं. रोध २० मिलिओहम धरला तर १० अँपिअरच्या उसळीला ०.२ व्होल्ट गेले. शिवाय रोधात जाणारी उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून सारख्या सरासरीला झटक्यांचा करंट महाग पडतो. उतरवल्यावर बॅटरी हाताला नेहमीपेक्षा गरम लागली.

जुन्या बॅटरीचा रोध जास्त, तिला हा त्रास जास्त. जुन्या दोन बॅटऱ्यांवर लाल पट्टी लावली. त्या फक्त नदीच्या बाजूच्या, मोकळ्या वाऱ्यातल्या कामाला.

२६ जानेवारी

प्रजासत्ताक दिन. उड्डाण नाही. घरी माशेलला बसून जाण्या-येण्याचा हिशेब केला, आणि या प्रकल्पात मला सगळ्यात उपयोगाचं वाटलेलं इथेच सापडलं.

सर्वांना सुचणारा प्रश्न: जाताना वारा समोरून, येताना पाठून, म्हणजे फिट्टंफाट होणार नाही का? नाही होत. हवेतला वेग १० मी./से. आणि वारा ५ असेल, तर एक किलोमीटर जायला २०० सेकंद, यायला ६७. एकूण २६७. वारा नसता तर २००. वारा ७ झाला तर एकूण ३९२, जवळजवळ दुप्पट. समोरच्या वाऱ्यात ड्रोन जास्त वेळ अडकतो आणि पाठच्या वाऱ्याचा फायदा थोडाच वेळ मिळतो, म्हणून तोटा कधीच भरून निघत नाही.

पण आपला ऑटोपायलट असा उडत नाही. मिशनमध्ये, म्हणजे आधी आखून दिलेल्या मार्गावर, तो जमिनीवरचा वेग धरून ठेवतो. मी ८ मी./से. लावला आहे. मग ५च्या वाऱ्यात समोरून जाताना हवेतला वेग १३ होतो, परतताना ३. वेळ दोन्हीकडे सारखा. शक्ती मात्र वाटीच्या दोन्ही कडांवर. १३ला अडथळा भारी, ३ला ताज्या हवेचा फायदा नगण्य. पंख्यांच्या आदर्श शक्तीचा हिशेब: जाताना ९१ वॅट, येताना ८५, सरासरी ८८. वारा नसताना ८ने उडालो असतो तर ७१. दोन्हीकडून मार बसतो तो इथे.

आता तेच उभे-आडवे बदलून बघितलं. रेषा वाऱ्याला आडव्या घेतल्या तर हवेतला वेग दोन्ही दिशांना ९.४ येतो. वाटीच्या तळाशी. शक्ती ७२ वॅट. म्हणजे त्याच वाऱ्यात, त्याच वेळात, तेवढंच क्षेत्र, आणि खर्च जवळजवळ वारा नसल्यासारखा.

बांध पूर्व-पश्चिम आणि आमचा वाराही बहुतेक वेळ पूर्व-पश्चिमच. बांधाच्या लांबीने उडणं सोयीचं दिसतं म्हणून सगळे तसंच करतात, आम्हीही तसंच आखलं होतं. आता शेतांचं सगळं मोजमाप उत्तर-दक्षिण रेषांनी. वळणं वाढतील. प्रत्येक वळणावर ड्रोन थांबून पुन्हा वेग घेतो, म्हणून रेषा शेताच्या पूर्ण रुंदीच्या ठेवायच्या, तुकडे नाहीत. आडव्या वाऱ्यात ड्रोन बाजूला कलून जातो, त्यामुळे फोटोंचा एकमेकांवरचा भाग थोडा वाढवला. कॅमेरा सेकंदांवर नाही, अंतरावर चालवायचा.

२ फेब्रुवारी, रविवार

उत्तर-दक्षिण रेषांचं पहिलं पूर्ण मोजमाप. खाजनाचा शेताचा भाग एका बॅटरीत बसला आणि उरलेला टक्का बघून मावसभावाने मला फोटो काढून ठेवायला लावला. रेषांचा उपयोग झाला हे खरंच, पण आज सकाळी वाराही कमी होता. एका दिवसावरून ठरवणार नाही.

मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, ते दार सांभाळणारे काका होते, दार उघडायच्या वेळेची वाट बघत. भरतीला मानशीचं लाकडी दार पाण्याच्या दाबानेच मिटतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर लोटत उघडतं. त्यांचं सगळं आयुष्य पाणी आणि वारा कोणत्या वेळी कुठे वळतो यावर चालतं. आम्ही दुपारी परत उडवणार म्हणताच ते म्हणाले, "वारो वळलो काय मागीर पळय." वारा वळला की मग बघा.

शाळेच्या भूगोलात सगळे शिकलो आहोत: रात्री आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे, दुपारी समुद्राकडून खारे वारे. इथून समुद्र बराच लांब, तरी मांडवीच्या खोऱ्यातून खारा वारा आत येतोच, फक्त किनाऱ्यापेक्षा उशिरा. सकाळी पूर्वेकडून मंद झुळूक, मग मध्ये हवा पूर्ण पडते, आणि दुपारी पश्चिमेकडून भरारून येतो. नदीवर सुरकुत्या दिसायला लागतात तो क्षण.

ड्रोनच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. बॅटरी भरलेली असताना वाऱ्याच्या तोंडाशी जायचं आणि संपत आलेली असताना वाऱ्याबरोबर घरी यायचं, हा साधा नियम. सकाळी बांधाच्या पश्चिम टोकाला उभं राहायचं. दुपारी तीच जागा चुकीची: पाठवताना वारा ढकलत नेईल, सगळं छान दिसेल, आणि कमी बॅटरीवर यायची वेळ आली की वारा तोंडावर. दुपारी पूर्व टोकाला, मानशीपाशी जागा हलवायची. आणि वारा वळायच्या वेळेत उड्डाण हवेत ठेवायचं नाही. नदीवर पश्चिमेकडून सुरकुत्या दिसल्या की ड्रोन खाली, जेवण, मग जागा बदलून पुढचं.

९ फेब्रुवारी, रविवार

वारा मोजायचा कसा, त्याचा निकाल लावला.

हातातल्या मीटरवर भरवसा नाही. सकाळी कोणीतरी बांधापलीकडे पालापाचोळा जाळत होतं, धूर दोरीसारखा सरळ वर. मीटर शून्याला टेकलेलं. धूर माडांच्या शेंड्याच्या वर गेला आणि एकदम पश्चिमेला आडवा झाला, जणू वर छत आहे. ५० मीटरवर ड्रोन पूर्वेकडे झुकून उभा. थंड जमिनीलगतची हवा जड असते, वरच्या वाऱ्याशी तिचा संबंध तुटलेला असतो. ऊन तापलं की दोन्ही मिसळतात. दुपारच्या मिसळलेल्या हवेत मोकळ्या जागी एक ढोबळ नियम चालतो: वारा उंचीच्या गुणोत्तराच्या सातव्या मुळाप्रमाणे वाढतो. २ मीटरवर ३ मी./से. असेल तर ५० मीटरवर साधारण पावणेपाच. सकाळी हा नियम लावायचा नाही.

म्हणून ड्रोनलाच वारामापक केलं. एकाच कलावर, म्हणजे ड्रोन तेवढाच झुकलेला ठेवून, वाऱ्याच्या समोर आणि मग पाठून काही सेकंद सरळ न्यायचा, जीपीएसचा वेग दोन्हीकडे वाचायचा. फरकाचा अर्धा म्हणजे वारा, बेरजेचा अर्धा म्हणजे त्या कलाला हवेतला वेग. वेगवेगळ्या कलांना हे करून कल आणि वेगाचा तक्ता मिळाला. आता नुसतं एका जागी थांबवून कल आणि दिशा वाचली की त्या उंचीचा वारा कळतो. प्रत्येक उड्डाणाच्या सुरुवातीला हे करायचं, मगच मिशन सुरू.

१३ फेब्रुवारी

एका विद्यार्थिनीने विचारलं, गोव्याच्या उकाड्यानेही बॅटरी खाल्ली जात असेल ना? जाते, पण थोडी. १५ अंशांच्या हवेची घनता १.२२५, ३२ अंशांना १.१६च्या खाली. तरंगायची शक्ती घनतेच्या वर्गमुळाच्या उलट, म्हणजे सुमारे ३ टक्के जास्त. दमट हवा अजून किंचित हलकी. वाऱ्यापुढे हे मोजण्याइतकं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुपारचा वारा आता जोर धरू लागला आहे. घरी परत येण्याच्या वेगावर मावसभावाशी बराच वेळ बोलणं झालं, ते इथे लिहून ठेवते, कारण बहुतेक उडवणाऱ्यांची सवय त्याच्यासारखीच असते. बॅटरी कमी, वारा समोर, की तो रिमोटची काठी हलकी धरून ड्रोन सावकाश आणतो. हातातला करंटचा आकडा कमी दिसतो म्हणून बरं वाटतं.

वारा ७ मी./से. समोरून धरून एका किलोमीटरचा हिशेब त्याच्यासमोर केला. हवेतला वेग १० ठेवला तर जमिनीवर फक्त ३ मिळतात. ७३ वॅट, पण ३३३ सेकंद. वेग १४ केला तर शक्ती १०१ वॅटवर जाते, सव्वापटीहून जास्त, पण जमिनीवर ७ मिळतात आणि वेळ १४३ सेकंद. खर्च किलोमीटरमागे ४० टक्क्यांनी कमी. अगदी १५–१६पर्यंत फायदा टिकतो. वारा नसताना किलोमीटरमागे सगळ्यात स्वस्त वेग १२च्या जवळ आहे. समोरून वारा आला की तो वाढतो, पाठून आला की कमी होतो.

हे आकडे पंख्यांच्या आदर्श शक्तीचे आहेत. लॉगमधले वॅट साहजिकच मोठे येतात, पण क्रम तोच राहिला: नदीवर समोरच्या वाऱ्यात एकच पट्टा दोन वेगांनी आणला तेव्हा वेगाने आणलेल्या फेरीत कमी मिलिअँपिअर-तास गेले. मावसभावाने आकडा बघितला आणि पुढच्या फेरीला न सांगता काठी पूर्ण दाबली.

याला दोन अटी आहेत. झटक्यांच्या वाऱ्यात पूर्ण वेग नाही, मोटरींना सावरायला जागा उरली पाहिजे. आणि व्होल्टेज आधीच बसलेलं असेल तर जास्त करंटने ते अजून बसेल. म्हणून हा निर्णय ४० टक्के उरलेले असताना घ्यायचा, २० टक्क्यांवर नाही.

आपोआप परतण्याची किमान उंचीही बदलली. आर्डुपायलटमध्ये ती मुळात १५ मीटर असते, इथल्या माडांना ती पुरणार नाही.  माडांच्या वर पुरेसं अंतर ठेवून ३५ मीटर केली. ड्रोन त्याहून वर असेल तर आहे त्याच उंचीने परततो, म्हणून कामाच्या ५० मीटरवरून येताना वारा पूर्ण तोंडावर असणार हे धरून चालायचं.

२ मार्च, रविवार

सकाळी बांधाचा लांबीचा पट्टा, तो वाऱ्याच्या रेषेतच घ्यावा लागतो. पश्चिमेकडून निघून पूर्वेकडे, एका अंगाचे फोटो जाताना, दुसऱ्या अंगाचे येताना. जाताना जमिनीवरचा वेग ६, येताना ९ लावला, म्हणजे हवेतला वेग दोन्ही वेळा तळाच्या शक्य तितका जवळ राहतो. सगळा बांध एका बॅटरीत, राखीव शिल्लक ठेवून.

शेतांच्या उत्तर-दक्षिण रेषा दुपारी, मुद्दाम खाऱ्या वाऱ्यात. मानशीपाशी उभं राहून. फेब्रुवारीतल्या सकाळच्या उड्डाणाशी लॉग जोडून बघितला: वारा बराच जास्त, खर्च थोडाच जास्त. कागदावरचं उत्तर शेतावर टिकलं याचं मला फार समाधान आहे.

उडताना एक घार दोनदा जवळ आली. ड्रोन वर न नेता सरळ बाजूला काढला आणि ती जाईपर्यंत काम थांबवलं. आतल्या पाणथळीत बगळे बसतात तो कोपरा यापुढे शेवटी, जास्त उंचीवरून.

९ मार्च, रविवार

नकाशा मोठ्या कागदावर छापून शेतकऱ्यांच्या बैठकीत भिंतीला लावला. आधीच्या आणि मार्चच्या मोजमापातल्या उंचीची वजाबाकी लाल रंगात. सगळ्यात मोठा लाल डाग बांध पश्चिमेकडे वळतो त्या कोपऱ्यावर आहे. दुपारचा खारा वारा नदीच्या लांबीने पाणी ढकलत आणतो आणि लाटा थेट तिथे आपटतात. मानशीवरच्या काकांनी बोट ठेवलं ती जागाही तीच. त्यांनी मागच्या पावसाआधी तिथे जांभ्याचे दगड घातले होते, ते आता पाण्यात दिसतात.

तिथे आधी माती आणि दगड घालायचं ठरलं. पाऊस सुरू व्हायच्या आत, मेच्या अखेरीस, त्याच रेषांवर पुन्हा एक मोजमाप. तोपर्यंत लाल पट्टीच्या बॅटऱ्यांचा रोध मोजून त्या ठेवायच्या की टाकायच्या ते बघणार, आणि कल-वेगाचा तक्ता नव्या कॅमेऱ्याच्या वजनासाठी परत काढणार.